‘दुर्मीळ पक्षी’ छापण्यापूर्वी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

नोव्हेंबर उजाडला की वृत्तपत्रांच्या गोवा पानावर दर आठवड्याला एखादा ‘दुर्मीळ पाहुणा’ झळकतो. छायाचित्र देखणे, मथळा ठसठशीत आणि खाली दोन ओळी: अमुक किनाऱ्यावर टिपलेला सायबेरियाचा पाहुणा. वाचायला बरे वाटते. मात्र ही बातमी नोंद म्हणून वापरायला बसले तर हाती काहीच लागत नाही. तारीख नसते, वेळ नसते, पक्षी एकटा होता की थव्यात ते नसते, जात कशावरून ठरवली त्याचा तर पत्ताच नसतो. उलट जी एक गोष्ट छापू नये, म्हणजे पक्ष्याची नेमकी जागा, ती हमखास छापलेली असते. पणजी, म्हापसा, वास्को, मडगाव या शहरांच्या उंबरठ्यावरच्या खाजनांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनींत), तळ्यांवर आणि नदीमुखांवर पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे आम्ही काही वाचक या पत्रातून एवढेच मागतो आहोत की अशी बातमी छापण्याआधी थोडी विचारपूस व्हावी. काय विचारायचे आणि का, ते खाली सविस्तर लिहितो.

आधी त्या सायबेरियाबद्दल. हिवाळ्यात येणारा प्रत्येक पक्षी सायबेरियातून येतो ही समजूत आपल्याकडे फार घट्ट रुजली आहे. मिरामारच्या वाळूवर बसणारा तपकिरी डोक्याचा कुरव (म्हणजे सीगल) लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकाठी वीण करतो. चक्रवाकही लडाखात घरटी करतो. भातकापणीनंतर शेतांत उतरणारा काळ्या डोक्याचा भारीट तर उत्तरेकडून नव्हे, थेट पश्चिमेकडून, पश्चिम आशिया आणि आग्नेय युरोपातून येतो. गुलाबी मैनेचेही तेच. त्यामुळे कुठून आला हे ठाऊक नसेल तर ‘हिवाळी पाहुणा’ एवढे लिहिलेले पुरते.

दुर्मीळ म्हणजे कुठे दुर्मीळ आणि कधी, हा त्यानंतरचा प्रश्न. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) हजारोंनी उतरतात. तिथले अभयारण्यच २०१५ साली त्यांच्या नावाने जाहीर झाले. गोव्यात मात्र रोहित अधूनमधून, थोड्याच संख्येने दिसतात, म्हणून इथे त्यांची नोंद महत्त्वाची ठरते. ह्यूग्लिन कुरव मोरजीच्या वाळूवर हिवाळाभर असतो, त्याला कोणी दुर्मीळ म्हणू नये. तोच कुरव कुडचड्याच्या नंदा तळ्यावर, गोड्या पाण्यात, समुद्रापासून इतक्या आत दिसला तर ती लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. ऋतूचेही तसेच. किनाऱ्यावरचे चिखले पक्षी ऑगस्टपासूनच परतू लागतात, बदके बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, मोठे कुरव त्याच सुमारास जमतात आणि मार्च-एप्रिलमध्ये सारे पांगतात. मार्ग बदक डिसेंबरात करमळीच्या तळ्यावर दिसले तर नेहमीचे, जुलैत दिसले तर बातमी. गोव्याच्या पक्षीयादीत आज साडेचारशेहून अधिक जाती आहेत. त्यातली कोणती जात कोणत्या महिन्यात अपेक्षित आहे हे ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या जिल्हावार आलेखात कुणालाही फुकट पाहता येते. उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा असे दोन्ही आलेख उघडून पाहायला पाच मिनिटे लागतात. बातमी देण्याआधी निदान ती पाच मिनिटे द्यावीत.

सर्वांत जास्त घोळ कुरवांचा होतो, आणि तो होणे साहजिकही आहे. रापण ओढली जात असताना मिरामार, कांदोळी किंवा मोरजीच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहावे. जाळ्यातून निसटलेली तारली टिपायला दोन-अडीचशे पक्षी एकदम उतरतात आणि त्यात चार-पाच जाती आणि प्रत्येक जातीचे तीन-चार वयोगट मिसळलेले असतात. मोठ्या कुरवाला प्रौढ पिसारा यायला चौथे वर्ष उजाडते. पहिल्या हिवाळ्यातले पिल्लू चोचीपासून शेपटीपर्यंत तपकिरी-ठिपकेदार असते, आई-बापाशी त्याचे काही साम्य नसते. हेच पिल्लू दरवर्षी कुठे ना कुठे ‘स्कुआ’ म्हणून छापले जाते. स्कुआच्या पंखांत उड्डाणपिसांच्या बुडाशी पांढरा चट्टा उमटून दिसतो, तो दुसऱ्या पक्ष्यांचा पाठलाग करून त्यांना घास टाकायला लावतो आणि सहसा किनाऱ्यापासून बराच दूर समुद्रात, ट्रॉलरांच्या मागे असतो. वाळूवर निवांत बसून माशाचे आतडे ओढणारा तपकिरी पक्षी बहुधा ह्यूग्लिनचे पोरच असते.

प्रौढांमध्ये पाठीचा रंग हा पहिला आधार. ह्यूग्लिनची पाठ गडद पाटीसारखी करडी, स्टेपी कुरवाची त्याहून फिकी आणि कॅस्पियनची आणखी फिकी. कॅस्पियनची चोच लांब व बारीक, डोळा लहान आणि बहुधा काळसर. पण हा पाठीचा रंग एकट्या पक्ष्याच्या फोटोवरून ठरवता येत नाही. दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याने थोडा जास्त प्रकाश घेतला की ह्यूग्लिनही स्टेपीइतका फिका होऊन बसतो. दोन जाती एकाच चौकटीत, एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या असतील तेव्हाच तुलनेला अर्थ. दुसरा, फारसा वापरला न जाणारा आधार म्हणजे पिसे गळण्याची वेळ. ह्यूग्लिन लांबून येतो आणि त्याची पीसझड रेंगाळते. डिसेंबर-जानेवारीतही त्याची टोकाची उड्डाणपिसे पुरती वाढलेली नसतात, पंखाचे टोक बोथट दिसते. स्टेपीचे हे काम तोवर बहुतेक उरकलेले असते. म्हणून ‘दुर्मीळ कुरव’ म्हणून येणाऱ्या प्रत्येक फोटोसोबत पंख उघडलेला एक फोटो मागावा. तो नसेल तर बातमी थांबवावी, पक्षी कुठे पळून जात नाही.

पल्लासचा कुरव ओळखायला त्या मानाने सोपा. थव्यात सर्वांत थोराड, कपाळ उतरते, हिवाळ्यात डोळ्यामागे काळसर पट्टा आणि डोळ्याच्या वर-खाली पांढरी कोर. थंडी सरता सरता डोके काळे होते, आणि मग नवखे लोक त्याला ‘काळ्या डोक्याचा कुरव’ म्हणतात. त्या नावाचा खरा मालक वजनाने निम्माही नाही. छोट्या कुरवांत तपकिरी डोक्याच्या प्रौढाचा डोळा फिका आणि पंखाच्या काळ्या टोकात ठळक पांढरा ठिपका. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद आणि पंखाची पुढची कड पांढरी. बारीक चोचीच्या कुरवाला कानामागचा काळा ठिपका नसल्यात जमा असतो आणि मान लांब वाटते. हे सगळे उडताना दिसते, बसलेल्या पक्ष्यात निम्मे झाकले जाते.

चिखल्यांची कथा वेगळी. छोटा वाळू चिखल्या आणि मोठा वाळू चिखल्या हिवाळी पिसाऱ्यात जवळपास सारखेच, वर मातकट, खाली पांढरे. आकारावर भिस्त ठेवू नये. एकटा उभा असलेला छोटाही मोठा वाटतो. चोच मोजावी. चोचीच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर फोटोवर कागदाच्या कपट्याने घ्यावे आणि तोच कपटा चोचीवर लावावा. चोच त्या अंतराइतकी किंवा कमी भरली तर छोटा, स्पष्ट जास्त भरली तर मोठा. मात्र पक्ष्याचे डोके अगदी आडवे, कॅमेऱ्याशी काटकोनात हवे. थोडे वळलेले असले तरी चोच आखूड दिसते आणि सगळे गणित फसते. उडताना मोठ्याची बोटे शेपटीबाहेर डोकावतात. पायांच्या रंगावरून सांगणारे बरेच भेटतात: मोठ्याचे हिरवट-पिवळसर, छोट्याचे काळपट. शापोरा नदीच्या मुखाशी हा नियम निम्म्या वेळा निकामी ठरतो, कारण ओहोटीला चिखलात चरून आलेल्या पक्ष्याच्या पायांवर काळा गाळ सुकलेला असतो. पाण्यातून चालून आलेला, धुतलेल्या पायांचा पक्षी गाठला तरच पायांचा रंग लिहावा. शिवाय अलीकडच्या याद्यांत छोट्या वाळू चिखल्याचेच तिबेटी आणि सायबेरियन असे दोन भाग पडले आहेत. आपल्याकडचे बहुतेक तिबेटी. हिवाळी पिसाऱ्यात त्यांतला सायबेरियन वेगळा काढणे तज्ज्ञांनाही जड जाते. ‘गोव्यात प्रथमच सायबेरियन वाळू चिखल्या’ असा मथळा कुणी सुचवलाच तर हात आखडता घ्यावा.

करडा चिखल्या आणि सोनेरी चिखल्या यांच्यात मात्र वाद घालण्याचे कारणच नाही. उडताना करड्याच्या काखेत काळा डाग दिसतो, सोनेरीच्या नाही. पाणटिवळ्यांत काळ्या शेपटीच्याच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा. पट्टेदार शेपटीच्याला तो नसतो, त्याची चोच किंचित वर वळलेली आणि पाठ रेघाळ. पहिला खाजनांत आणि मिठागरांत, दुसरा शक्यतो समुद्रकाठच्या वाळूवर.

गोड्या पाण्यावरच्या चुका थोड्या, पण ठरलेल्या आहेत. करमळीच्या तळ्यावर अडई बदके शेकड्यांनी असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचा बदामी रंग उजळतो आणि मग ‘मोठी अडई’ सापडल्याचे फोन सुरू होतात. मोठ्या अडईच्या शेपटीच्या बुडाशी पांढरट चंद्रकोर असते, बगलेवर मलईरंगी रेघा आणि मानेच्या मागून गडद रेघ उतरते. लहान अडईचे शेपटीचे बूड तांबूस. थवा उडेल तेव्हा फक्त शेपटीचे बूड पाहावे, बाकी काही नको. थवा उडवायचा मात्र नाही. तळ्याला लागूनच रेल्वे आहे, कोकणकन्या किंवा मालगाडी गेली की पक्षी कधीकधी आपणच उठतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेली नर बदके मादीसारख्या पिसाऱ्यात असतात, तेव्हा त्यांची नावे घाईने घेऊ नयेत. उंचावरून जाणारा रंगीत करकोच्यांचा थवा रोहित म्हणून कळवला जातो. रोहिताची मान आणि पाय दोन्ही दोरीसारखे लांब आणि बारीक, करकोच्याची चोच जाड आणि पिवळी. रोहिताचे पिल्लू गुलाबी नसते, राखी-तपकिरी असते, म्हणून खरा रोहित समोर असूनही तो दुसराच काहीतरी ठरवला जातो.

खाजनांवर हिवाळ्यात घिरट्या घालणारा मोठा ठिपकेदार गरुड जगभरात धोक्यात आलेली जात आहे, त्याची प्रत्येक नोंद हवीच आहे. पण शहराच्या कचरापट्टीवर जमणाऱ्या घारींत थंडीच्या दिवसांत काळ्या कानाची थोराड घार येते, पंखाखाली तिच्या पांढरा चट्टा असतो, आणि तिला गरुड बनवले जाते. शेपटी पाहावी: घारीची दुभंगलेली, गरुडाची आखूड व गोलसर.

आता नोंद कशी करावी ते. पक्षी दिसल्यावर पुस्तक किंवा मोबाईलवरचे अ‍ॅप उघडण्याआधी, जे दिसते आहे ते तसेच लिहून काढावे. चोच कशी, पाय कोणत्या रंगाचे, पंखावर पट्टा आहे का, शेजारी कोण आहे आणि त्याच्या मानाने मोठा की लहान, काय करतो आहे, आवाज आला का. पुस्तक आधी उघडले की डोळे पुस्तकातले शोधू लागतात आणि वर्णन पुस्तकाचेच उतरते. अशी उसनी वर्णने तपासणाऱ्याला लगेच कळतात, कारण त्यांत त्या अंतरावरून दिसणे अशक्य असलेल्या खुणाही बिनदिक्कत आलेल्या असतात. त्याखाली तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, अंतराचा अंदाज, दुर्बीण की टेलिस्कोप, उजेड कोणत्या बाजूने आणि भरतीची स्थिती.

भरतीचे महत्त्व आपल्याकडे फार कमी लोक जाणतात. मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक सहज मिळते. दिवसाला साधारण पन्नास मिनिटांनी वेळ पुढे सरकते. नदीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोचते, त्यामुळे मुरगावची वेळ रायबंदरला जशीच्या तशी लागू पडत नाही. पूर्ण ओहोटीला पक्षी विस्तीर्ण चिखलावर इतके पांगतात की टेलिस्कोपमधूनही ठिपकेच दिसतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते वाळूच्या दांड्यावर, बांधावर किंवा मिठागरात एकत्र येऊन विसावतात. पाणी चढू लागल्यापासून भरतीच्या तासभर आधीपर्यंतचा काळ उत्तम, कारण पाणीच पक्ष्यांना जवळ आणून देते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे अधिक चांगले होते, भांगाच्या (अष्टमीच्या सुमारास कमी चढणाऱ्या भरतीच्या) दिवसांत तितके नाही. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात होडीने जाणाऱ्यांनी तर हे पाहूनच निघावे: अगदी सुकतीला आतल्या चरांत होडी शिरत नाही आणि भरतीला कांदळवनाखाली चिखलच उरत नाही, मधली वेळ साधावी. मोरजीला सकाळी जावे. किनारा पश्चिमेला आहे, ऊन पाठीशी राहते. दुपारनंतर समोरच्या चकाकीत सगळेच पक्षी काळे.

खाजनांत आणखी एक घटक असतो तो मानशीचा, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या दाराचा. मानस उघडून पोयीतले (खाजनातल्या साठवणीच्या तळीतले) पाणी सोडले की दोन-तीन तासांत चिखल उघडा पडतो आणि बगळे, तुतवार, शेकाट्या तिथे धावतात. वायंगणासाठी (हिवाळी भातपिकासाठी) तळ्यांचे पाणी सोडायला लागल्यावर काठाने ओला चिखल तयार होतो, पाणलाव्यांना तो फार आवडतो. म्हणून ‘काल शंभर होते, आज एकही नाही, पक्षी नाहीसे झाले’ असली बातमी देण्यापूर्वी पाण्याचे काय झाले ते त्या गावच्या शेतकऱ्याला किंवा मानस सांभाळणाऱ्याला विचारावे. बहुतेकदा उत्तर तिथेच मिळते.

छायाचित्रांबाबत. कापलेला, रंग चढवलेला, व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा हातांतून आलेला फोटो पुरावा म्हणून चालत नाही. मूळ फाइल मागावी. तिच्यात तारीख-वेळ असते. एकच सुंदर फोटो पाठवणाऱ्यापेक्षा पाच बरे-वाईट फोटो पाठवणारा आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो: एक बाजूने, एक समोरून, एक उडताना, एक दुसऱ्या पक्ष्याशेजारी आणि एक आजूबाजूच्या परिसरासह. शेवटचा सर्वांत उपयोगी. दुसऱ्या राज्यात किंवा मागच्या वर्षी काढलेले फोटो इथले म्हणून खपवण्याचे प्रकार होतात, ते परिसराच्या फोटोने उघडे पडतात. सूर्यास्ताच्या वेळी पांढरा पक्षी गुलाबी दिसतो हेही ध्यानात असू द्यावे.

मोबाईल अ‍ॅपने सांगितलेले नाव ही सूचना असते, ओळख नव्हे. आवाजावरून नाव सांगणाऱ्या अ‍ॅपला तर आपल्याकडचा भृंगराज कोतवाल सहज बनवतो. तो एका बैठकीत दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज एकापाठोपाठ काढतो आणि अ‍ॅप इमानदारीने सगळ्यांची यादी देते. पर्णपक्षीही नकला करतो. पक्षी डोळ्यांनी दिसला नसेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि ध्वनिमुद्रण जोडावे.

पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांचा विषय थोडक्यात. बजरीगर, जावा चिमणी, पाळीव मस्कोव्ही बदक हे ‘परदेशी पाहुणे’ नव्हेत. झिजलेली शेपटी, माणसाला न बुजणे, पायात अखंड कडे या खुणा दिसल्या की आधी शेजाऱ्यांकडे चौकशी करावी. जंगली पक्ष्यांच्या पायातली कडी वेगळी. मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सारख्या संस्था अभ्यासासाठी धातूची कडी आणि रंगीत झेंड्या लावतात. झेंडी दिसली तर पक्ष्याचा डावा पाय की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली, रंग कोणता, वरून खाली क्रम कसा आणि अक्षरे कोणती एवढे टिपावे. उजवे-डावे पक्ष्याचे, पाहणाऱ्याचे नव्हे. यातले एक चुकले तरी पक्षी भलत्याच देशाचा ठरतो. पक्ष्याला पकडून कडे वाचण्याचा उद्योग कुणी करू नये, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हा आहे.

आता त्या जागेच्या प्रश्नाकडे येतो, कारण तक्रारीचे मूळ तिथेच आहे. मोरजीच्या दक्षिण टोकाला, शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटीला वाळूचे दांडे उघडे पडतात. भरती चढली की तिथले कुरव, सुरय आणि चिखले पक्षी मोरजीच्या बाजूच्या वाळूवर सरकतात. त्यांना विसावायला उरते ती एक चिंचोळी पट्टी, आणि त्याच पट्टीवर फिरायला आलेली माणसे, कुत्री आणि कॅमेरेवाले. बातमीत जागा आल्यावर पुढच्या रविवारी वीस-पंचवीस जण तिथे पोचतात. प्रत्येकाला चौकट भरून फोटो हवा असतो, एक जण पुढे सरकला की थवा उठतो, घिरटी घालून परत बसतो, मग दुसरा पुढे सरकतो. एका भरतीत चार-पाच वेळा उठवलेला थवा शेवटी निघून जातो. या पक्ष्यांनी हिवाळाभर खाऊन साठवलेल्या चरबीवर मार्च-एप्रिलमधला हजारो किलोमीटरांचा परतीचा प्रवास अवलंबून असतो. उगाच उडण्यात ती जळते. याच किनाऱ्यावर त्याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवेही अंडी घालायला येतात, तेव्हा रात्रीची वर्दळही तितकीच वाईट.

पाहणाऱ्याने थवा आणि पाणी यांच्या मधे जाऊ नये. सरळ रेषेत चालून न जाता तिरपे, थांबत थांबत जावे. पक्ष्यांनी खाणे सोडून माना वर केल्या की थांबावे, चालू लागले की दहा पावले मागे यावे. वाळूवर बसून राहिले आणि भरती चढत असेल तर पक्षी आपणहून जवळ येतात, हे संयम असलेल्या कुणालाही पडताळून पाहता येईल. ड्रोन नकोच. ध्वनिमुद्रण वाजवून पक्ष्याला बाहेर काढणेही नको. गावच्या शेतात, कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या) बांधावर किंवा मिठागरात उतरण्यापूर्वी तिथे काम करणाऱ्याला विचारावे. मिठागराच्या कच्च्या पाळीवरून दहा जण चालले की ती ढासळते आणि नुकसान आगरवाल्याचे होते.

म्हणून विनंती अशी की बातमीत गाव न देता तालुका द्यावा, तोही पक्षी निघून गेल्यावर किंवा निदान आठवडाभराने. रात्रीच्या विसाव्याची जागा, घुबडांचे ठिकाण आणि शिकारी पक्ष्यांचे घरटे कधीच छापू नये. पाठवणाऱ्याला तारीख, वेळ, संख्या, कोणत्या खुणांवरून ओळखले आणि आणखी कुणी पाहिले, एवढे पाच प्रश्न विचारावेत. उत्तरे आल्यावर ई-बर्डवर त्या नोंदीची तपासणी झाली का ते पाहावे. तिथे अनपेक्षित नोंद आपोआप अडते आणि स्थानिक तपासनीस पुरावा मागतो. शंका उरली तर ‘बहुधा’ हा शब्द मथळ्यात घालायला कुणाची हरकत नसावी.

दुर्मीळांच्या मागे धावताना नेहमीच्या पक्ष्यांकडे दुर्लक्ष होते, त्याबद्दलही बोलले पाहिजे. बाकदार चोचीचा तुतवार आणि करडा चिखल्या गोव्याच्या किनाऱ्याला नवे नाहीत. त्यांचे फोटो कुणी छापायला पाठवत नाही. २०२४ साली आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने या दोन्ही जाती ‘असुरक्षित’ गटात टाकल्या, कारण जगभर त्यांची संख्या घसरते आहे. गोव्यातली घसरण कळायची तर दरवर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजणे हाच मार्ग. १९८७ पासून आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते. २०२२ साली रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालेले नंदा तळे, करमळी, कुडतरीची तळी, चोडण आणि मोरजी इथे मोजायला माणसे कमीच पडतात. मोठा थवा मोजताना एकेक करून मोजत बसू नये. आधी दहा मोजावेत, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धरावे, तसे तुकडे थव्यावर टाकत जावे. शंभरापुढे पन्नासाचा तुकडा. दोघांनी वेगवेगळे मोजून आकडे नंतर ताडून पाहावेत, मोजताना एकमेकांना सांगू नयेत. थव्याच्या कडा विरळ आणि मध्य दाट असतो, त्यामुळे कडेवरचा तुकडा मोजमापासाठी धरला तर संख्या हटकून कमी येते.

शेवटी एक छोटी मागणी, पक्ष्यांपलीकडेही उपयोगाची. वृत्तपत्रात सूर्योदय, सूर्यास्त आणि तापमान रोज छापतात. त्याच चौकटीत मुरगावच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि उंची दिली तर रापणकार, खुबे-तिसऱ्या काढणाऱ्या बाया, मानस सांभाळणारे, फेरीबोटीचे प्रवासी आणि आमच्यासारखे दुर्बीणवाले, सगळ्यांचीच सोय होईल. जागा दोन ओळींची लागेल. जानेवारीच्या गणनेआधी सुरू करता आले तर उत्तमच.

आपले,
तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांतील पक्षीनोंदी ठेवणारे काही वाचक